कन्व्हर्जन रेट मोजण्याआधी काय काय तयार हवं

कन्व्हर्जन रेट म्हणजे साइटवर आलेल्यांपैकी किती टक्के खरेदी करतात तो दर. आधी त्याचा भागाकार पक्का करा. वर ऑर्डरी असतात हे सगळ्यांना माहीत असतं, घोळ होतो तो खाली काय घ्यायचं यावर. सेशन, म्हणजे साइटवरची एकेक भेट, घेतले तर दर कमी दिसतो आणि माणसं घेतली तर जास्त, कारण एकच माणूस तीनदा नुसता बघून जातो नि चौथ्यांदा खरेदी करतो. निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरं दाखवून दोन डिझाइनची तुलना करायची असेल तर माणसंच धरा. काहीही धरलंत तरी मध्येच बदलू नका, नाहीतर मागच्या महिन्याचे आकडे निरुपयोगी होतात.

मग ट्रॅकिंग. स्वतः एक ऑर्डर टाका, ‘धन्यवाद’चं पान तीनदा रिफ्रेश करा आणि खरेदी एकदाच मोजली गेली का ते बघा. जास्त दिसल्या तर बहुधा नोंदीबरोबर ऑर्डर क्रमांक जात नाहीये. पेमेंट गेटवेवरून परतलेल्या ग्राहकाचं श्रेय जाहिरातीऐवजी गेटवेलाच मिळत असेल, तर गेटवेचं डोमेन रेफरलमधून, म्हणजे ग्राहक कुठल्या साइटवरून आला त्या यादीतून, वगळा. ऑफिसातल्या लोकांच्या भेटी आणि बॉटच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भेटीही काढून टाका. शेवटी ट्रॅकिंगमधल्या आठवडाभराच्या ऑर्डरी बॅकएंडशी, म्हणजे दुकानाच्या स्वतःच्या ऑर्डर-नोंदींशी, ताडून पाहा. जाहिराती अडवणारे ॲडब्लॉकर ट्रॅकिंगही अडवतात, त्यामुळे थोडी तूट राहतेच. ती रोज साधारण सारखी असेल तर चालतं, एखाद्या दिवशी एकदम वाढली तर काहीतरी मोडलंय.

आता किती माणसं लागतील ते. २०० जणांत ४ ऑर्डरी आल्या की २ टक्के असं लिहून मोकळे होतात, पण ९५ टक्के विश्वासमर्यादा धरली तर खरा दर ज्या पट्ट्यात असू शकतो ती पट्टी ०.८ ते ५ टक्क्यांची निघते. १०,००० जणांत २०० ऑर्डरी असतील तर तीच पट्टी १.७ ते २.३ वर येते. ३०० जणांत एकही ऑर्डर नाही? तरी खरा दर १ टक्क्यापर्यंत असू शकतो.

दोन डिझाइनसाठी हिशेब असा: दर गुणिले (१ वजा दर) गुणिले १६, भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. यात ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) गृहीत आहे. २ वरून २.४ टक्के ही वाढ पकडायची तर ०.०२ × ०.९८ × १६ ÷ ०.००४², म्हणजे प्रत्येक बाजूला १९,६०० माणसं. २.२ पर्यंतचीच वाढ पकडायची तर ७८,४००. फरक निम्मा झाला की माणसं चौपट. रोज ५०० नवे लोक येणाऱ्या साइटला पहिल्या चाचणीलाच अडीच महिने लागतात, तेव्हा बटणाच्या रंगाचा नाद सोडा. मोठा बदल तपासा, नाहीतर आधीची पायरी मोजा: कार्टमध्ये टाकण्याचा दर ८ टक्के असेल तर तेवढीच, म्हणजे २० टक्क्यांची वाढ प्रत्येक बाजूच्या ४,६०० जणांत पकडता येते. अर्थात कार्ट भरली म्हणजे विक्री झाली असं नाही.

संख्या आणि शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा, आणि मुदत पूर्ण आठवड्यांत धरा, कारण शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक वेगळं असतं. रोज डोकावून ‘जिंकलं’ दिसताच चाचणी थांबवली तर चूक ५ टक्क्यांच्या आत राहील ही हमी उरत नाही. डोकावायचंच असेल तर दोन डिझाइनमध्ये माणसांची झालेली वाटणी फक्त बघा. निम्मे-निम्मे ठरलेल्या १०,००० जणांपैकी ५,२०० एकीकडे गेले असतील तर तो योगायोग नाही; बहुतेक वेळा एका पानाचं रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, माणसं गाळत असतं. अशा वेळी निकाल वाचू नका, दुरुस्ती करून चाचणी पहिल्यापासून लावा.