कंट्री गाण्यातले गाव कसे ऐकावे: कोल्हापुरातील श्रवणबैठकीसाठी मार्गदर्शन

अमेरिकन कंट्री संगीताची श्रवणबैठक कोल्हापुरात घ्यायची म्हटले की आयोजकाला पहिली धास्ती भाषेची वाटते. प्रत्यक्षात भाषा फारशी आड येत नाही. माती, आई, देव, दारू, तुरुंग, रेल्वे आणि मागे राहिलेले घर हा त्या गाण्यांचा ऐवज आपल्या श्रोत्याला चटकन कळतो. अडते ते पुढे. त्या गाण्यांतले गाव बहुधा कोणाच्या तरी बाजूने किंवा कोणाच्या तरी विरोधात उभे असते, आणि ती बाजू कोणती हे गाण्यामागचा इतिहास ठाऊक नसेल तर नुसत्या शब्दांवरून उमगत नाही. येथील श्रोत्याच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. 'जगात भारी' म्हणायला आपण कोल्हापूरकर कधी लाजत नाही, त्यामुळे गावाच्या अभिमानाचे कोणतेही गाणे लगेच आपलेसे वाटते आणि त्याला प्रश्न विचारायचे राहून जातात. वाचनालय, महाविद्यालयातील मंडळ किंवा चार हौशी मित्र यांपैकी कोणीही अशी बैठक घेणार असेल, तर पुढील पद्धत उपयोगी पडेल.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. शाहू स्मारक भवनासारखे मोठे सभागृह घेऊ नये. पंधरा-वीस माणसे गोलाकार बसू शकतील अशी खोली, एक बरा स्पीकर आणि दोन तासांचा वेळ पुरेसा आहे. गाणी पाच घ्यावीत, फार तर सहा. गीतांच्या शब्दांवर स्वामित्वहक्क असल्याने ते जसेच्या तसे छापून वाटू नयेत. प्रत्येक गाण्याचा अर्थ आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहून त्याची प्रत द्यावी, आणि भाषांतर फार सुरेख करण्याच्या मोहात पडू नये, कारण मूळ गाण्यातला धमकीचा किंवा कुचेष्टेचा सूर सुरेख मराठीत हमखास बोथट होतो.

पद्धतीचा गाभा असा की प्रत्येक गाणे दोनदा ऐकवायचे. पहिल्या वेळी गायकाचे नाव, छायाचित्र, वर्ष, राज्य यांपैकी काहीही सांगायचे नाही. गाणे संपल्यावर प्रत्येकाने कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: या गावात कोण कोण राहते, या गावाबाहेरचा कोण आहे, आणि गाणारा हे सारे कोणाला ऐकवतो आहे. त्यानंतर माहिती सांगावी आणि गाणे पुन्हा लावावे. गायक खरोखर गावचा आहे का, हा प्रश्न श्रोते सर्वांत आधी विचारतील. तो सर्वांत शेवटी घ्यावा. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला तो सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न आहे. शिक्षकी पेशात असलेल्या जगदीश खेबूडकरांनी बैठकीच्या आणि फडाच्या लावण्या लिहिल्या, म्हणून त्या लावण्या खोट्या ठरवण्याचे कोल्हापुरात कोणाच्या मनातही येत नाही. मग अमेरिकन गायकाकडे मात्र जन्मदाखला का मागावा?

सुरुवात घरच्या गाण्याने करावी. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड यासाठी उत्तम. वाळवा तालुक्यातील वाटेगावचा हा शाहीर मुंबईच्या कामगार वस्तीत राहून गावाकडे राहिलेल्या मैनेसाठी झुरतो, आणि झुरता झुरता गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर येऊन पोहोचते. बेळगाव, कारवार परके राहिल्याचे दुःख आणि मैनेचा विरह एकच होऊन जातात. निपाणीचा रस्ता रोजचा असलेल्या कोल्हापूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. गाव सोडलेल्या माणसानेच गावाचे गाणे रचले, त्यात राजकारण उघडपणे आणले, आणि तरीही ते गाणे कोणाला बनावट वाटले नाही, एवढे श्रोत्यांच्या ध्यानात आले की पुढचे काम सोपे होते.

त्यानंतर कंट्री संगीताची घडण सांगावी, आणि येथे घाई करू नये. 1925 साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र सुरू झाले. ते एका विमा कंपनीचे होते. 'आम्ही लाखोंचे रक्षण करतो' या तिच्या घोषवाक्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच केंद्राचे नाव पडले होते. तेथील शनिवारच्या कार्यक्रमाला पुढे ग्रँड ओल ऑप्री म्हटले जाऊ लागले. तो चालवणारे जॉर्ज डी. हे (Hay) हे वृत्तपत्रातून आलेले गृहस्थ होते, आणि खेडवळपणा कसा दिसला पाहिजे याविषयी त्यांची मते पक्की होती. हम्फ्री बेट नावाचे एक डॉक्टर, पेशाने खरेखुरे वैद्य, आपला वाद्यवृंद घेऊन तेथे वाजवायला येत. त्या वृंदाला 'पॉसम हंटर्स', म्हणजे रानातल्या एका प्राण्याचे शिकारी, असे नाव मिळाले, आणि कोटटाय घालणाऱ्या वादकांची छायाचित्रे शेतकऱ्यांच्या कपड्यांत काढली गेली. ही माहिती दिल्यावर श्रोते हसतात आणि सारे थोतांड होते असा निष्कर्ष काढू पाहतात. तेथे त्यांना थांबवावे. डॉक्टर बेट यांचे सूर आणि त्या चाली त्याच परगण्यातल्या होत्या. बनवलेला होता तो वेश, आणि तो विमा विकण्यासाठी बनवला होता.

या घडणीत कोणाला बाहेर ठेवले गेले हे त्याच वेळी सांगावे. ज्या बँजोवाचून हे संगीत डोळ्यांसमोर येत नाही, त्याचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. तरीही 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेकडील संगीताच्या दोन वेगळ्या याद्या केल्या, गोऱ्यांच्या गाण्यांची एक आणि कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची दुसरी, आणि मग एकाच गावात ऐकली जाणारी गाणी दुकानात एकमेकांपासून तुटली. ऑप्रीच्या सुरुवातीच्या काळातील लाडका हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली कृष्णवर्णीय होता. 1941 साली त्याला काढून टाकण्यात आले. त्याची एखादी ध्वनिमुद्रिका येथे ऐकवावी. आगगाडीचा आवाज तो ज्या तऱ्हेने काढतो, तो ऐकल्यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही.

आता मर्ल हॅगर्ड यांचे 1969 सालचे 'ओकी फ्रॉम मस्कोगी' लावावे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तरुणांची निदर्शने चालू असताना आलेल्या या गाण्यात ओक्लाहोमातल्या एका गावाचा रहिवासी सांगतो की आमच्याकडे गांजा ओढत नाहीत, लष्करभरतीची कार्डे जाळत नाहीत आणि केस वाढवत नाहीत. श्रोत्यांच्या कागदावर 'बाहेरचा कोण' याचे उत्तर येथे सहज येते. मग सांगावे की हॅगर्ड यांचा जन्म कॅलिफोर्नियातला. आईवडील मंदीच्या काळात ओक्लाहोमा सोडून तेथे गेले होते, आणि तेथे अशा स्थलांतरितांना 'ओकी' म्हणून हिणवले जाई. तरुणपणी हॅगर्ड यांनी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात शिक्षा भोगली होती. म्हणजे गाण्यातले नीटनेटके गाव त्यांचे नव्हते, पण हिणवल्याची कळ त्यांची होती, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ती ऐकू येते. हे गाणे थट्टेने लिहिले की मनापासून, याविषयी ते स्वतः वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगत आले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. एका गोऱ्या पुरुषाच्या कृष्णवर्णीय स्त्रीवरील प्रेमाचे 'अर्मा जॅक्सन' हे गाणे त्यांना त्यानंतर प्रकाशित करायचे होते. रेकॉर्ड कंपनीने तसे होऊ दिले नाही, आणि 1970 मध्ये बाजारात आले ते आणखी एक देशाभिमानाचे आव्हानगीत. 'अर्मा जॅक्सन' 1972 पर्यंत थांबले. गायकाची राजकीय प्रतिमा ठरवण्यात विक्रेत्याचा हात किती असतो, हे दाखवणारे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरे गाणे अलीकडचे असावे: जेसन आल्डीन यांचे 2023 सालचे 'ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन'. शहरात चालणारी गुंडगिरी आमच्या लहान गावात करून पाहा, असे आव्हान त्यात आहे. बंदूक आहे, आजोबा आहेत, पोलिसांचा मान आहे. तपशील असे की आल्डीन जॉर्जियातील मेकन या शहरात जन्मले, जे आपल्या कागल-गडहिंग्लजपेक्षा कितीतरी मोठे आहे. आणि गाणे लिहिणाऱ्या चौघांत ते स्वतः नाहीत. अर्थात नॅशव्हिलमध्ये व्यावसायिक गीतकारांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून गाणे जुळवणे ही नेहमीची रीत आहे, तेव्हा एवढ्यावरून दोष देऊ नये. वाद पेटला तो चित्रफितीवरून. तिचे चित्रीकरण टेनेसीतील कोलंबिया येथील न्यायालयासमोर झाले होते, आणि त्याच ठिकाणी 1927 साली हेन्री चोट या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने फाशी दिली होती. सीएमटी या कंट्री संगीताच्या वाहिनीने चित्रफीत दाखवणे थांबवले; त्यानंतर गाणे बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गाण्यात वंशाचा एकही उल्लेख नाही, हे शेजारधर्माचे गाणे आहे, असे आल्डीन यांचे म्हणणे. हे म्हणणे श्रोत्यांना प्रामाणिकपणे सांगावे आणि मग गाणे दोनदा ऐकवावे, एकदा चित्राशिवाय आणि एकदा चित्रासह. माझे मत विचाराल तर शेजारधर्म त्यात आहे, पण तो शेजाऱ्याला उद्देशून गायलेला नाही. ऐकणारा ठरवलेला आहे तो परका.

त्याच वर्षीचे ऑलिव्हर अँथनी यांचे 'रिच मेन नॉर्थ ऑफ रिचमंड' याच्या जोडीला ठेवावे, कारण त्याने दोन्ही राजकीय बाजूंची पंचाईत केली. रानात उभे राहून एका गिटारवर गायलेले, कमी मजुरी आणि वॉशिंग्टनमधील धनाढ्य यांविषयीचे हे गाणे अनोळखी गायकाचे असूनही थेट पहिल्या क्रमांकावर आले. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी इच्छुक रिपब्लिकन उमेदवारांच्या वादचर्चेची सुरुवात त्याच्या उल्लेखाने झाली, तेव्हा गायकाने सांगितले की हे गाणे त्या मंचावरच्या लोकांविषयीच लिहिले आहे. त्याच गाण्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्या लठ्ठ माणसांची कुचेष्टाही आहे. श्रोत्यांपैकी कोणी ते कडवे विसरले, तर प्रत पुढे करून ते वाचून दाखवावे. श्रोता ज्या बाजूचा, त्या बाजूचे कडवे त्याला लक्षात राहते.

पुरुषांच्या गाण्यांवर बैठक संपवू नये. लोरेटा लिन केंटकीच्या खाणपट्ट्यातल्या, खाणकामगाराच्या कन्या. अस्सलपणाची कोणतीही कसोटी लावा, त्या पार उतरतात. लहान वयात लग्न आणि लागोपाठची बाळंतपणे सोसलेल्या या बाईंनी संततिनियमनाच्या गोळीवर 'द पिल' हे खट्याळ गाणे गायले. ध्वनिमुद्रण 1972 चे, पण प्रकाशन 1975 साली झाले, आणि तेव्हाही अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवण्याचे नाकारले. गाव खरे, बाई खरी, अनुभव खरा, तरीही गाणे नको झाले. मार्च 2003 मध्ये, इराक युद्ध तोंडावर असताना, तेव्हा डिक्सी चिक्स या नावाने गाणाऱ्या टेक्सासच्या वृंदाच्या नॅटली मेन्स यांनी लंडनच्या कार्यक्रमात म्हटले की राष्ट्राध्यक्ष टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. त्यानंतर रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली. यामागे श्रोत्यांचा संताप होता आणि यंत्रणाही होती: 1996 च्या कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठवली होती, त्यामुळे थोड्या कार्यालयांतले निर्णय शेकडो गावांत एकदम लागू होत. गावातली आवड म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा असे दूरच्या कार्यालयात ठरलेले असते.

वेळ उरला तर राजकारण्यांनी उचललेल्या गाण्याकडे वळावे. पीठ विकणाऱ्या कंपनीतले पॅपी ओडॅनियल रेडिओवर खेडवळ गाण्यांचा वृंद घेऊन बोलत बोलत 1938 साली टेक्सासचे गव्हर्नर निवडून आले, आणि हे मातीतले गृहस्थ जन्मले होते ओहायोत. गायक जिमी डेव्हिस 'यू आर माय सनशाइन' गात लुइझियानाचे गव्हर्नर झाले, तेही दोनदा. हे ऐकताना आपल्याकडच्या प्रचाराच्या जीपवरील गाणी कोणालाही आठवतील. दूध संघाची असो की साखर कारखान्याची, निवडणूक आली की हलगीच्या ठेक्यावर 'मातीतला माणूस' आणि 'शेतकऱ्याचं पोर' वाजू लागते. अशी एखादी जुनी फीत मिळाली तर जरूर लावावी, मात्र हयात उमेदवाराची नको. नाहीतर गाणे बाजूला राहते आणि गटातटांची उणीदुणी निघतात. तिलाही तेच तीन प्रश्न लावावेत. गाव कोणते, बाहेरचा कोण, ऐकवायचे कोणाला.

चर्चा चालवणाऱ्याने आपले मत शेवटी सांगावे, आणि मतभेद मिटवण्याच्या खटपटीत पडू नये. एखादे गाणे राजकारणाने न पटणारे असूनही कानाला गोड लागले, तर तसे मोकळेपणाने म्हणू द्यावे. चाल आवडणे म्हणजे मत देणे नव्हे. गायक कुठला, हा प्रश्न आता घेता येईल, आणि बहुधा तोवर त्याची हौस ओसरलेली असेल. श्रोत्यांचे कागद गोळा करून जपून ठेवावेत. पुढच्या बैठकीत स्थानिक शाहीर किंवा प्रचारगीते करणारा एखादा ध्वनिमुद्रक यायला तयार झाला, तर गावाचे गाणे ठरवताना ग्राहक नेमके काय मागतो, कोणते शब्द गाळायला लावतो आणि हलगी किती वाढवायला सांगतो, हे त्यालाच विचारावे.