फ्लॉपी वाचली जात नाही? फॉरमॅट करण्याआधी भोक बघा

माळ्यावरच्या खोक्यातून जुन्या फ्लॉप्या निघतात. यूएसबी ड्राइव्ह मागवून पहिली आत सरकवावी, तर विंडोज विचारतं: डिस्क फॉरमॅट करायची का? इथे ‘हो’ म्हणू नका. पुष्कळदा माहिती शाबूत असते, ड्राइव्ह फक्त चुकीच्या घनतेने, म्हणजे माहिती किती दाट लिहिली आहे याचा चुकीचा अंदाज धरून, वाचू पाहत असतो.

साडेतीन इंची फ्लॉपी उजेडात धरा. एका कोपऱ्यात राइट-प्रोटेक्टची (लिहिणं रोखणारी) सरकपट्टी असते. दुसऱ्या कोपऱ्यातही भोक असेल तर ती १.४४ एमबीची एचडी (हाय डेन्सिटी), नसेल तर ७२० केबीची डीडी (डबल डेन्सिटी). दोन्हींत दर बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे माहितीच्या गोल रेघा. पण डीडीच्या ट्रॅकवर ९ सेक्टर (तुकडे), एचडीच्या १८. जुन्या ७२० केबी ड्राइव्हला भोकाशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे एचडी फ्लॉपीही त्यात ७२० केबीची होऊन बसे. आजचा ड्राइव्ह भोक ओळखून १८ सेक्टर शोधतो आणि हात टेकतो. अशा वेळी भोकावर अपारदर्शक चिकटपट्टी लावून पुन्हा घालून बघा.

उलटा उद्योगही चाले: पैसे वाचवायला डीडीला भोक पाडून तिची एचडी करायची. चुंबकीय लेप वेगळा असल्याने अशी फ्लॉपी कधी दगा देईल याचा नेम नाही. हाती लागलीच तर तिचं भोक बुजवू नका. आधी सगळं उतरवून घ्या.

सव्वापाच इंचीत घनतेचं भोकच नाही, सगळा भरवसा माणसावर. १९८४च्या आयबीएम पीसी एटी संगणकात १.२ एमबीचा ड्राइव्ह आला. फॉरमॅटच्या आज्ञेत /४ (म्हणजे ३६० केबी) लिहायचं विसरलं, की तो ३६० केबीच्या फ्लॉपीवरही १.२ एमबी कोंबायला जाई. त्याहून छुपी भानगड हेडची, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाची. या ड्राइव्हचे ट्रॅक ८०, जुन्याचे ४०; म्हणून याचं हेड अरुंद. ३६० केबीच्या वापरलेल्या फ्लॉपीवर त्याने लिहिलं, की नव्या बारीक रेघेच्या कडेला जुन्या रुंद रेघेचे अवशेष उरतात, आणि जुना ड्राइव्ह दोन्ही एकदम वाचून गोंधळतो. तीच फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये सुरळीत वाचली जाऊ शकते. टाकून देण्याआधी एवढं करून बघाच.

अमिगा संगणकाच्या ८८० केबी किंवा जुन्या मॅकच्या ८०० केबी फ्लॉप्यांशी मात्र यूएसबी ड्राइव्हने झटापट करू नका. डिस्क तीच डीडी, पण लिहिण्याची रीत निराळी. त्यांना फ्लॉपीवरचे कच्चे चुंबकीय संकेत टिपणारं ग्रीसविझलसारखं यंत्र आणि साधा, केबलचा फ्लॉपी ड्राइव्ह लागतो.