मेलबर्नमध्ये रात्री साडेदहाला पुण्याचा फोन आला तर

पुण्यात संध्याकाळचे सहा म्हणजे मेलबर्नमध्ये रात्रीचे साडेदहा. ऑक्टोबरात तिथली घड्याळं पुढे सरकली की साडेअकरा. नेमकं तेव्हाच पुण्याच्या टीमला ‘पाच मिनिटं बोलायचं’ असतं. ऑस्ट्रेलियात नोकरी करणाऱ्याला हा फोन न घेण्याचा हक्क आता कायद्यानेच दिला आहे. १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी तो २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला, त्याहून लहान ठिकाणी वर्षभराने.

पण साहेबाने फोन करूच नये, असं कायदा म्हणत नाही. तुम्ही उचलला नाही तर चालेल, एवढंच म्हणतो. तेही तुमचा नकार अवाजवी नसेल तर. क्लायंटच्या फोनलाही हेच लागू.

१. नेमणुकीचा करार काढून वाचा. ऑन-कॉल भत्ता (कामाच्या वेळेबाहेर फोनवर हजर राहण्याचे पैसे) घेत असाल, तर नकार टिकवणं अवघड.

२. वाजवी-अवाजवी स्वतःच तपासा. फोन कशासाठी आला, किती व्यत्यय आला, जादा वेळेचे पैसे मिळतात का, तुमचं पद काय, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, हे सगळं बघितलं जातं. सर्व्हर कोसळला असेल आणि तो सांभाळणं तुमच्याकडे असेल, तर मुकाट्याने उचला. सोमवारच्या प्रेझेंटेशनमधला रंग बदलायचा असेल, तर खुशाल झोपा.

३. पंधरा दिवस वही ठेवा: तारीख, वेळ, कोणाचा फोन, काय काम. ‘रोजच येतो हो’ या तक्रारीला वजन नसतं, वहीला असतं.

४. मग मॅनेजरला लिहून कळवा. भांडण नको. ‘सहानंतरचे मेसेज मी सकाळी बघेन, खरंच अडलं तर फोन करा, पण अडलं म्हणजे काय ते आधी ठरवू या,’ इतकं पुरे.

५. तरीही थांबलं नाही, तर फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियात नोकरीतले वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करता येतो. फोन घेण्याची सक्ती किंवा न घेतल्याबद्दलची कारवाई थांबवा, असा आदेश कमिशन कंपनीला देऊ शकतं. आधी कंपनीशी बोलून वाद मिटवायचा प्रयत्न केल्याशिवाय तिथे जाता येत नाही, आणि तुमचा नकार अवाजवी वाटला तर कंपनीही तिथे जाऊ शकते.

पुण्यातल्या सहकाऱ्यावर मात्र राग काढू नका. सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्या सहकाऱ्यालाही सातला घरी जायचंय. रोजचा कॉल पुण्याच्या सकाळी दहाला लावून घ्या. मेलबर्नमध्ये तेव्हा दुपारचे अडीच, तिथल्या उन्हाळ्यात साडेतीन.