कार्ड काढलं, आता डॉक्टर कुठं गाठायचा?

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आशा म्हणून काम करते. गाव, वस्त्या आणि एक तांडा माझ्याकडं आहे. आयुष्मान कार्ड काढा म्हणून मी उंबरे झिजवले आणि बहुतेकांनी ते काढलंही. पण कार्ड बिल भरतं, डॉक्टर आणून देत नाही. आमच्याकडं आरोग्य केंद्रातली जागा भरते आणि पुन्हा रिकामी होते. पुढच्या दवाखान्यात सर्जन असला तर भूल देणारा नसतो. त्यामुळं कुठल्या दुखण्याला कुठं जायचं, हे धडधाकट असतानाच ठरवून ठेवा. रात्री अकरा वाजता जीप शोधताना ते सुचत नाही.

आधी नावं तपासा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का, हे घरातल्या प्रत्येकाचं बघा. सगळ्यात जास्त सुना अडकतात. तांड्यावरच्या एका सुनेला पित्ताशयात खडे झाले होते. दवाखान्यात कागद मांडले तर आधारवर सासरचं आडनाव, रेशनकार्डात मात्र नाव अजून माहेरच्याच. सासरच्या कार्डावर ती कुठंच नव्हती. तिची सासू मला म्हणाली, "ताई, लेकरं झाली, ती आमची नाही तर कुणाची?" खरं होतं, पण संगणकाला ते कसं कळणार? माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, लग्नाचा पुरावा जोडायचा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यायचा. लग्न झालं की त्याच वर्षी हे उरका. लहान लेकराचं नाव चढलं नसेल तर जन्माचा दाखला हाताशी ठेवा. रेशनकार्डाचा बारा अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवा, कारण कार्ड पेटीत राहतं आणि पेशंट दवाखान्यात.

सत्तरी ओलांडलेल्यांचं कार्ड वेगळं, त्याला वय वंदना म्हणतात. ऑक्टोबर 2024 पासून ते सुरू झालं. त्याला उत्पन्नाची अट नाही, पण वय आधारवरचं धरतात. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख बहुधा 1 जानेवारी असते आणि सालही अंदाजानं टाकलेलं असतं. ते आत्ताच बघून घ्या.

आता योजनेत काय मिळतं ते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आपल्या राज्यात एकत्र चालतात. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, तो साऱ्या कुटुंबाला मिळून, माणशी नव्हे. यादीतल्या उपचारासाठी आणि यादीतल्या दवाखान्यात भरती व्हावं लागतं. ताप-खोकल्याची गोळी कार्डावर मिळत नाही. ती उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात घ्या. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. डॉक्टर नसला तरी उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडम, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरशी बोलणं करून देतात. बीपी-शुगरच्या पेशंटचा एका दिवसाचा रोजगार त्यानं वाचतो. गरोदर बाईला महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणीला न्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानासाठी तो दिवस राखलेला आहे.

मोठ्या दुखण्याला आमची धाव अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडं. नांदेडकडच्यांना विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय, जालन्याकडच्यांना संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. कुठंही जा, पण आधी फोन करा. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याला तीन गोष्टी विचारा: हा उपचार तुमच्याकडं योजनेत होतो का, काही ऑपरेशनं सरकारी दवाखान्यालाच राखीव असतात त्यातलं हे आहे का, आणि तो डॉक्टर कोणत्या वारी असतो. तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. कार्ड चालतं म्हणून गाडी करून जातात आणि डॉक्टर सोमवारी येणार म्हणून परत येतात. दवाखान्यात जायचं गाडीभाडं काही योजना देत नाही. आरोग्यमित्राचा नंबर नसेल तर 155388 ला फोन लावा, तो फुकट आहे.

जीवावरचं असेल तर यातलं काहीही करत बसू नका. साप चावला, छातीत कळ आली, अपघात झाला की 108 ला फोन करा. फडात साप चावला तर मांत्रिकाकडं नाही, सरकारी दवाखान्यात. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं. तातडीच्या भरतीत कागद नंतर देता येतात, त्याला 72 तासांची मुदत असते. पेशंटला पुढं काढा आणि एकाला मागं कागद आणायला ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनो, कोयत्याबरोबर कार्डही घ्या. फुले योजना राज्यभर चालते, त्यामुळं सांगली-कोल्हापूरकडंही ती तुमचीच. आयुष्मानच्या यादीत नाव असेल तर कर्नाटकातही योजनेतला दवाखाना चालतो. निघायच्या आधी कारखान्याजवळचा असा एखादा दवाखाना विचारून ठेवा.

आणि बायांनो, हे नीट ऐका. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सरकारीत स्त्रीरोगतज्ज्ञ भेटत नाही, हंगाम तोंडावर असतो, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, मग मिळेल त्या खासगी दवाखान्यात बाई टेबलावर जाते. पस्तिशीच्या आत पिशवी गेलेल्या बाया मी रोज बघते. कंबर धरून बसतात आणि तरी मोळ्या उचलतात. कॅन्सरची शंका नसेल तर घाई कशाची? आधी सरकारी दवाखान्यातल्या तज्ज्ञाला दाखवा, सोनोग्राफीचा कागद सोबत न्या, गोळ्यांनी भागतं का ते विचारा. एकटीला बोलायचा संकोच वाटला तर तुमच्या गावच्या आशाला बरोबर न्या. आम्ही येतो.

भरती झाल्यावर कुणी पैसे मागितले तर आधी आरोग्यमित्राला गाठा. शहरातल्या एका दवाखान्यात आमच्या पेशंटला "तुमचं योजनेत बसत नाही, डिपॉझिट भरा" असं तोंडी सांगितलं. मी म्हटलं, का बसत नाही ते लिहून द्या. लिहून कुणी दिलं नाही, आणि दुपारी त्याच पेशंटचा प्रस्ताव मंजुरीला गेला. वाद घालू नका, आवाज चढवू नका, फक्त लिहून मागा. पैसे द्यायची वेळ आलीच तर पावती घेतल्याशिवाय रुपया देऊ नका, कारण तक्रारीला तीच लागते.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, रिपोर्ट सगळं मागून घ्या. परतीचं एसटीचं भाडं योजनेत मिळतं, आणि सुटीनंतर 10 दिवसांपर्यंतची फेरतपासणीही. टाके काढायला म्हणूनच त्या मुदतीत जा. कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवा आणि ती कुठं आहे ते शेजारणीलाही सांगा.