स्तनाच्या कॅन्सरचा आयएचसी रिपोर्ट कसा वाचावा

मी लातूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. औसा, निलंगा, उदगीरकडची माणसं रिपोर्टचा कागद पुढं करून विचारतात, "ताई, पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे लई वाईट का?" कॅन्सर आहे की नाही, हे गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या पहिल्या रिपोर्टमध्येच ठरलेलं असतं. आयएचसी म्हणजे त्याच तुकड्यातली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी. तिचं 'पॉझिटिव्ह' सांगतं ते औषध कुठलं लागू पडेल याबद्दल. कित्येकदा ती आशेची बातमी असते.

१. आधी नाव, वय आणि ब्लॉकचा (तुकडा बसवलेल्या मेणाच्या वडीचा) नंबर दोन्ही रिपोर्टवर जुळतो का ते बघा. नुसत्या नावावर विसंबू नका. एका गावात एकाच नावाच्या दोन बाया निघतात.

२. मग ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावं शोधा. तिन्ही प्रथिनं आहेत, ईआर आणि पीआर ही बायकांच्या हार्मोनला धरणारी, पण पेशीतली त्यांची जागा वेगळी. ईआर, पीआर केंद्रकात असतात आणि हर-टू पेशीच्या बाहेरच्या आवरणावर. रिपोर्टवर 'न्यूक्लिअर' आणि 'मेम्ब्रेन' छापलेलं असतं, ते हेच. स्लाइडवर केंद्रकं निळी दिसतात आणि ते प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग चढतो. रंग किती आला याच्याइतकंच तो कुठं आला, हे महत्त्वाचं.

३. ईआर, पीआरपुढची टक्केवारी बघा. १ टक्का किंवा जास्त पेशींची केंद्रकं रंगली तर पॉझिटिव्ह. ईआर १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' लिहितात. हार्मोनच्या गोळ्यांचा निर्णय यावर होतो.

४. हर-टूला ०, १+, २+ किंवा ३+ असा आकडा मिळतो. ० आणि १+ ला 'निगेटिव्ह' म्हणतात, ३+ ला 'पॉझिटिव्ह'. इथं घाई करू नका.

३+ ची स्लाइड एकदा पाहिली की विसरत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती षटकोनी जाळी असते ना, हुबेहूब तशी दिसते. प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडं, कुठंही न तुटलेलं. १० टक्क्यांहून जास्त पेशींना असं कडं असलं की ३+. रंग नुसता पेशीच्या आत, पेशीद्रव्यात पसरला असेल तर तो धरत नाहीत. कारण १९९८ पासून वापरात असलेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध हर-टूच्या पेशीबाहेर निघालेल्या भागाला चिकटतं. औषधाला धरायला जागा हवी ती बाहेरच.

मात्र हे प्रथिन आवरणावर कायम बसून राहत नाही. पेशी ते आत ओढते, काही परत वर पाठवते. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधाला याच वाटेचा फायदा होतो. ते हर-टूला चिकटून आत शिरतं आणि सोबत आणलेलं केमोचं औषध तिथं सुटतं. म्हणूनच पसरलेल्या आजारात १+ वाल्यांनाही त्याचा उपयोग होऊ शकतो, हे २०२२ मध्ये पुढं आलं. तेव्हा "हर-टू निगेटिव्ह" एवढंच सांगून थांबू नका, डॉक्टरांना आकडा दाखवा.

२+ म्हणजे निकाल लागलेला नाही. फिश तपासणी करायची. त्यात १७ व्या गुणसूत्रावरच्या हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. पैशापायी ती सोडू नका, पुढचे महागडे उपचार तिच्यावरच ठरतात.

५. तुकडा कशात ठेवला ते विचारा. एका दवाखान्यातून एका आईचा तुकडा सलाईनच्या पाण्यात, दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आला. पेशी सडल्या होत्या, रंगावर भरवसाच ठेवता येईना. त्या माउलीला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. मला फार वाईट वाटलं. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत, तुकड्याच्या कितीतरी पट फॉर्मलिनमध्ये (तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणात) पडला पाहिजे आणि त्यात ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. ऑपरेशनच्या आधीच हे विचारून ठेवा.

६. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलला, बार्शीला किंवा मुंबईला टाटाला जाताना नुसता कागद नेऊ नका, ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात जीपच्या काचेपाशी ठेवला तर मऊ पडतो. डबीत घालून पिशवीत सावलीला ठेवा. तिथं जमा करताना नंबर लिहून पोच घ्या, परत घ्यायला तीच लागते.