जुने गोल्फ क्लब की नवे? आधी नंबर विसरा, लॉफ्ट मोजा

मागच्या उन्हाळ्यात काकांनी त्यांचा गोल्फ क्लबचा, म्हणजे बॉल मारायच्या काठ्यांचा, जुना सेट मला देऊन टाकला, पातळ ब्लेड आयर्न (सपाट, पातळ धातूच्या डोक्याचे क्लब) आणि लाकडी डोक्याचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब), आणि तेव्हापासून आमच्या नागपूरच्या मित्रांचा एकच प्रश्न, काऊन भाऊ, नव्यापेक्षा किती मागे पडते हा? पहिल्या दिवशी मी पण सगळे करतात तेच केलं, जुनं ७ आयर्न मारलं, मग नवं ७ आयर्न मारलं, नवं भल्लं पुढे गेलं, आणि मी ठरवून टाकलं की जुनं कामाचं नाही. ते चुकीचं होतं.

कारण ७ हा फक्त खाली कोरलेला आकडा आहे. लॉफ्ट म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) मागे किती कललाय तो कोन, आकडा लहान तसा लॉफ्ट कमी आणि बॉल लांब. जुन्या ब्लेडमधे ७ आयर्नचा लॉफ्ट साधारण ३६-३७ डिग्री असायचा, आजच्या सोप्या सेटमधे तो २८ ते ३० वर आलाय, आणि शाफ्टही (दांडा) थोडा लांब झालाय. म्हणजे तुमचं नवं ७ हे काकांच्या काळचं ५ आयर्न आहे! तर तुलना करायची तर जुनं ५ विरुद्ध नवं ७ अशी करा, नाहीतर करूच नका.

लॉफ्ट घरीच मोजता येतो. मोबाईलमधे अँगल मोजायचं ॲप टाका, क्लब सपाट फरशीवर नेहमीसारखा टेकवा, शाफ्ट पुढेमागे झुकू देऊ नका (कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा), फोन फेसला सपाट टेकवा आणि उभ्या रेषेपासून किती डिग्री कललाय ते वाचा. एखाद्या डिग्रीचा फरक येतोच, आपल्या कामाला चालते. सोबत टेपने लांबी मोजून वहीत लिहून ठेवा. ड्रायव्हरचा फेस गोलसर असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

आता ग्रिप, म्हणजे दांड्यावरची हाताने धरायची मूठ. जुनी ग्रिप दगडासारखी कडक झालेली असते, ती नवी बसवल्याशिवाय टेस्ट नको, नाहीतर तुम्ही क्लबची नाही, घट्ट पकडलेल्या मुठीची परीक्षा घेताय.

बॉल सगळे एकाच मॉडेलचे, स्वतःचे घ्या. सरावाच्या रेंजवर मिळणाऱ्या बादलीतले अर्धे घासलेले असतात, त्यावरून काही कळत नाही. वेळ सकाळी ६ ची धरा, आणि दोन्ही क्लब एकाच बैठकीत मारा, काऊन की गरम हवा पातळ असते, गरम बॉल जास्त उसळतो, त्यामुळे मे महिन्यात सकाळी एक क्लब आणि ११ वाजता दुसरा मारला तर तुम्ही उन्हाची तुलना कराल. आणि १० जुन्याने मग १० नव्याने असं पण नको, एक जुना एक नवा असं आलटूनपालटून मारा, म्हणजे थकवा दोघांच्या वाट्याला सारखाच येतो.

कॅरी (बॉल हवेत गेला ते अंतर) आणि रोल (पडल्यावर घरंगळला ते) वेगवेगळे मोजा, आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात काळी माती तडकून टणक होते, बॉल पडला की टपकन धुळीची बारीक पुडी उडते, एक मित्र सुरक्षित बाजूला उभा करा, तो ती जागा पाहून ठेवेल, मारणं थांबल्यावर पावलं मोजा. नव्या आयर्नमधे वजन खाली असतं, फेस पातळ असतो, म्हणून कमी लॉफ्टनेही बॉल उंच जातो, पण फिरकी कमी, थांबताना पळतो. एकूण अंतर पाहून खुश होऊ नका. दहातला सगळ्यात लांब शॉट पण सोडा, अंतरं क्रमाने लिहा आणि मधलं पहा, आणि डावी-उजवीकडे किती पसरले तेही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पावडरने. फेसवर टाल्कम पावडरचा हलका थर द्या, प्रत्येक शॉटनंतर बॉलचा ठसा दिसतो. काकांच्या ५ आयर्नवर मधोमध रुपयाएवढा गुळगुळीत डाग आहे, किती वर्षं एकाच जागी मारलंय त्यांनी! माझे ठसे टो (फेसचं बाहेरचं टोक) पासून हील (दांड्याकडची बाजू) पर्यंत सगळीकडे. तिथेच खरा फरक कळला, बरोब्बर मधे लागलेले शॉट दोन्ही क्लबचे जवळपास सारखे गेले, बाजूला लागलेले जुन्याचे पार गळाले. पिंग या क्लब बनवणाऱ्या कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइमने वजन डोक्याच्या कडेला नेलं ते याचसाठी, बाजूला लागलं तरी डोकं कमी फिरतं.

ड्रायव्हरचं मात्र वेगळं आहे, तिथे नवा खरंच पुढे आहे. जुनं डोकं पर्सिमनच्या लाकडाचं, आपल्या तेंदूपत्त्याच्या झाडाचा अमेरिकन भाऊबंद. १९७९ ला टेलरमेड कंपनीने धातूचं डोकं आणलं, १९९१ च्या बिग बर्था ड्रायव्हरचं डोकं १९० सीसी आकारमानाचं होतं तेव्हा लोकांना तो प्रचंड वाटला, आज नियमाची हद्द ४६० सीसी आहे. शाफ्ट ४३ इंचावरून ४५ च्या वर गेला. पर्सिमन मारताना टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) अगदी बुटकी ठेवा, बॉल मऊ घ्या, कडक बॉलने फेसमधला इन्सर्ट (मधे बसवलेला वेगळा तुकडा) तडकू शकतो. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका, मी मे महिन्यात दोन दिवस ठेवला तर मानेवर, डोकं आणि दांड्याच्या जोडावर, गुंडाळलेला काळा दोरा सैल होऊन सुटला.

पावसाळ्यात आयर्नची टेस्ट परत करा. टणक जमिनीवर पातळ तळाचं ब्लेड बॉलखाली छान शिरतं, रुंद तळाचं उसळतं, पण ओल्या मातीत तेच ब्लेड रुतून बसतं.

सगळे लॉफ्ट एका कागदावर लिहिले की अजून एक गोष्ट दिसते. माझा नवा पिचिंग वेज (जास्त लॉफ्टचा, जवळून मारायचा क्लब) ४४ डिग्रीचा, सँड वेज (वाळूतून बॉल काढायचा) ५६ चा, मधे १२ डिग्रीचा खड्डा. काकांचा जुना पिचिंग वेज ५० चा निघाला. आता तो माझ्याच बॅगमधे राहतो.