घोडेस्वारीनंतर पायात कळ उतरते? आधी रिकीब तपासा

कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ म्हणजे सायटिका. ज्या नसेतून ही कळ येते ती सायटिक नस कंबरेच्या शेवटच्या मणक्यांपासून सुरू होते आणि पिरिफॉर्मिस नावाच्या लहानशा स्नायूखालून जाते. स्वाराला दोन्हीकडून त्रास होतो: दुडकीत बसणाऱ्या दणक्यांनी मणक्यांमधल्या चकतीवर भार येतो आणि मांड घट्ट धरल्याने कुल्ल्यातला स्नायू आवळतो.

कारण कोणतं, याचा अंदाज घरीच येतो. खोकताना, शिंकताना किंवा बूट चढवायला वाकताना कळ खाली धावत असेल, तर बहुधा चकती. कुल्ल्यात एकाच ठिकाणी खोल दाबल्यावर दुखत असेल आणि बसून राहिल्यावर वाढत असेल, तर स्नायू.

दुखणं ताजं असताना घोडा बंद. पण खाटेला खिळू नका, त्याने आखडणं वाढतं. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं सपाटीवर चाला. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर गेलात तर वाळूत न शिरता पदपथावरच.

चकतीचा संशय असेल तर पालथं झोपून दोन-तीन मिनिटं पडून राहा, मग कोपरांवर छाती उचला. जमलं तर तळहातांवर, कंबर सैल सोडून, दहा वेळा. कळ पोटरीतून वर सरकत कंबरेत गोळा झाली तर उत्तम लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी. खाली उतरू लागली तर लगेच थांबा. स्नायूसाठी उताणं झोपून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी छातीकडे ओढा; तीस सेकंद, तीन वेळा. उभं राहून पायाचे अंगठे धरायचा व्यायाम मात्र नको. मांडीची शीर आखडली असं वाटून लोक तोच करतात आणि आधीच चिडलेली नस आणखी ताणतात.

आता रिकीब, म्हणजे खोगिराला पट्ट्याने लटकणारी पाय ठेवायची कडी. जमिनीवर उभं राहून बोटांची टोकं खोगिराला पट्टा अडकतो त्या जागी लावा. पट्टा ताणून धरल्यावर रिकीब काखेला टेकली पाहिजे. वर बसून पाय सैल सोडले की तिचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा. त्याहून आखूड असेल तर कमरेचा खालचा भाग मागे कलंडून पाठ गोल होते आणि चकती दाबली जाते. लांब असेल तर स्वार बोटांनी रिकीब शोधत एका बाजूला झुकतो. नेहमी डावीकडूनच चढल्याने डावा पट्टा ताणून लांब होतो, ओल्या चामड्याचा तर अधिकच, म्हणून पावसाळ्यात पट्टे अधूनमधून आलटूनपालटून लावा. चढायला ओटा किंवा स्टूल घ्या. उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून काढून घसरत या, गुडघे वाकलेले ठेवा. रुंद पोटाचा घोडा जांघा फाकवतो. काही दिवस अरुंद अंगाचा मागून घ्या.

घोड्याला दोष देण्याआधी स्कूटरकडेही बघा. मागच्या खिशात पाकीट ठेवून खड्ड्यांतून तासभर यायचं, मग बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) सोप्यावर, म्हणजे बाकावर, गप्पांना बसायचं, यातही तीच नस दाबली जाते.

जांघेत किंवा गुदाभोवती बधिरपणा, लघवी तुंबणं, शौचावर ताबा न राहणं, पाऊल उचलता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर मालीश आणि काढा बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा, बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) तातडीच्या विभागात जा, त्याच दिवशी. दोन्ही पायांत कळ असेल तर आणखी घाई करा.

पुन्हा घोड्यावर बसायचं ते खुर्चीत अर्धा तास बिनदुखीचं बसता येऊ लागल्यावर. आधी वीस मिनिटं फक्त चाल. आठवड्याने दुडकी, तीही उठत-बसत. खोगिरात बसून खाल्लेली दुडकी शेवटी. दुसऱ्या दिवशी कळ गुडघ्याखाली गेली तर एक पायरी मागे या आणि तिथे आठवडा काढा.